मान आत वळलेलं कुंपण

“जनावराकडं बघू नका, कुंपण बघा,” विश्वंभर म्हणाला.

आता भिंतभर टीव्हीवर घोड्याएवढं हरीण उभं असताना कुंपणाकडं कोण बघेल? शिंगं म्हणजे पीळ घातलेले दोन दोर, वर उभे केलेले. अंगावर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे. कुडू म्हणतात म्हणे त्याला. पण आम्हाला बोलावणं तारकामाचं होतं, म्हणून मी मुकाट्यानं नजर वळवली आणि त्याच्या मागची तार बघायला लागले.

मी मनकर्णा. साखऱ्यात आणि आसपासच्या दहा गावांत जाळीचं कुंपण घालायचं म्हटलं की माझं आणि वैजनाथचं नाव निघतं. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. बावीस वर्षं बरोबरीनं राबलोय. खड्डे घेणं आणि लोखंडी अँगल उभे करणं त्याचं, जाळी ताणणं आणि गाठी मारणं माझं. बाईच्या हाताला ताण येतो का, असं कुणी विचारलंच तर मी म्हणते, या आणि माझी जाळी दाबून बघा.

उत्तमराव सोफ्यावर बसले होते. गावातली निम्मी जमीन त्यांची आणि उरलेल्या निम्म्यावर त्यांचा शब्द चालतो. विश्वंभर त्यांचा धाकटा. हिंगोलीत त्याचा हळदीचा व्यापार, आणि उन्हाळ्यात तो आफ्रिकेला शिकारीला जाऊन आलेला. उंबऱ्याशी तांड्यावरचा थावराभाऊ बसला होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण जमिनीवरचा खूर बघून जनावर किती वेळापूर्वी गेलं ते सांगतो. त्याला काहून बोलावलं ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

टीव्हीत विश्वंभर गुडघ्यावर बसला, बंदूक रोखली. ते जनावर चाळीस पावलांवर उभं राहून रवंथ करत होतं. बार झाला. जनावर बसलं, मग आडवं झालं. विश्वंभरनं तिथंच चित्र थांबवलं.

“हे मागं दिसतंय ना, असं कुंपण पाहिजे. आठ फूट. टेकडीखालचा आपला वीस एकर माळ घेरायचा.”

“मालक, तारेच्या कडंकडंनं ती वाट कशाची?” मी विचारलं.

“कसली वाट?”

“गवतातून गेली बघा. तारेपासून हातभर आत.”

“चालत असतील जनावरं.”

“इतकं मोठं रान सोडून तारेच्या कडंनंच काहून?”

“मावशी, तुमी हाइट बघा,” विश्वंभर हसून म्हणाला. वैजनाथनं मला कोपर मारलं. काम हातचं जाईल, ही त्याची कायमची धास्ती.

थावराभाऊनं तेवढ्यात कपबशी खाली ठेवली. “किती दिस मोकळ्या हातानं परतला, मालक?”

“मोकळ्या हातानं? काका, तिथं गॅरंटी असते. दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं.”

“बिनकुंपणाची रानं न्हाईत का तकडं?”

“हायेत की. पण तिथं दहा-दहा दिवस पायपीट करायची, अन् घावलं तर घावलं. एवढा टाइम कुणाला आहे?”

थावराभाऊनं बशीतला चहा तसाच टाकला, आणि थावराभाऊ चहा टाकणारा माणूस नाही.

आमचं म्हणाल तर आम्ही एवढंच धरून चाललो की विश्वंभर माळावर फळझाडं लावणार आणि रोही बाहेर ठेवणार. आमच्याकडं रोही फार. नीलगाय म्हणतात ते जनावर. नर निळसर, माद्या मातकट, कळप घुसला की उभ्या पिकाचं वाटोळं. कुंपण घालायचं ते जनावर बाहेर ठेवायला. बावीस वर्षांत दुसरा विचार कधी मनाला शिवला नव्हता. तिथंच आम्ही फसलो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. चौथ्या दिवशी विश्वंभर गाडी घेऊन माळावर आला आणि उभे केलेले अँगल बघून ओरडला, “उलटे लावले सगळे.”

आता हे समजून घ्या. अँगलच्या वरच्या टोकाला वाकडी मान असते, तिच्यावर काटेरी तार ओढतात. मान नेहमी बाहेर वळवायची, म्हणजे बाहेरून उडी मारून येणाऱ्याच्या तोंडावर काटे येतात. जाळीही अँगलच्या बाहेरच्या अंगानं लावायची, म्हणजे बाहेरून रेटा आला की जाळी अँगलवर टेकते आणि गाठी सुटत नाहीत. हे पोरासोरालाही कळतं. विश्वंभरला मान आत पाहिजे होती. जाळीही आतल्या अंगानं.

“मान आत काहून, मालक?” मी विचारलं.

“तिकडं तशीच असते. तुमी व्हिडिओ पाह्यला ना?”

तो गेला. वैजनाथ पहार घेऊन पहिला अँगल उपटायला लागला. मी जागची हलले नाही.

“अवो, हे काही बाहेरचं आत येऊ नये म्हणून न्हाई. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून हाय.”

“आसंल. गाईगुरं ठेवायची असतीन.”

“गाईला आठ फुटाचं कुंपण?”

“मनकर्णे, आपुन तारवाले. कुंपणाच्या आत कोण नांदतंय ते आपुन काहून इचारायचं?”

खोटं कशाला बोलू, मला त्याच वेळी कळलं होतं. कळूनही मी हातात पकड घेतली आणि पुढचे अठरा दिवस गाठी मारल्या. चांगल्या मारल्या, पक्क्या. वाईट काम मला करता येत नाही, आणि त्याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला.

दिवाळी झाली आणि गावात दवंडी फिरली की रोह्यांचा कायमचा बंदोबस्त करायचा. सकाळी आठ वाजता दीडशे माणूस टेकडीवर चढलं. ताटं, डबे, फटाके. रोही कुठं बसतात आणि कुठल्या वाटेनं उतरतात ते थावराभाऊनं दाखवलं. त्याला सांगितलं होतं की नुसतं गावाच्या हद्दीबाहेर काढायचं आहे. हाका झाला. कळप टेकडीवरून उतरला, उघड्या फाटकातून आमच्या कुंपणात शिरला आणि विश्वंभरनं फाटक लावून कुलूप घातलं. अकरा रोही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही तिथंच होते. माझ्याही हातात ताट होतं.

थावराभाऊ कुलपाकडं बघत म्हणाला, “माझ्याच हातानं.” मग काठी टेकत तांड्याकडं निघून गेला.

पुढं कळलं ते सगळ्या गावालाच कळलं, कारण विश्वंभर लपवतही नव्हता. संक्रांत झाली की त्याचे पाहुणे येणार, व्यापारातली बडी माणसं, आणि आत शिकार होणार. सरकारी कागद त्याच्याकडं होता. पिकाचं नुकसान करणारी रोही मारायला मिळतो, तसा. गाव खूश. आयता काटा निघत होता, वर विश्वंभरनं गावजेवण कबूल केलं होतं.

दोन महिने मी तिकडं फिरकले नाही. मग एक दिवस विश्वंभरचा निरोप आला की फाटकाजवळची जाळी एका जागी फुगली आहे, आवळून जा. मी पकड घेऊन एकटीच गेले.

जाळी फुगली होती कारण निळा नर तिथं रोज कपाळ लावत होता. मी बाहेरून गाठ आवळायला बसले तर तो आतून आला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर त्याचं नाक. नाकावरचं कातडं सोललेलं. त्यानं माझ्या गाठीला नाक लावलं, हुंगलं आणि पुढं चालू लागला. त्याच्यामागं माद्या, मागं दोन पाडसं. मी खाली बघितलं. जाळीपासून हातभर आत, गवत तुडवून, कुंपणाच्या कडेनं एक वाट पडली होती. टीव्हीत बघितली तशीच. वीस एकर माळ मधे मोकळा पडलेला, आणि ही जनावरं दिवसभर तारेच्या कडेनं बाहेर जायची जागा शोधत फिरत होती. मी ती जागा कुठं ठेवलीच नव्हती.

मला लाज वाटली. देवाच्या दारात चोरी केल्यावर वाटावी तशी. फुगलेली जाळी तशीच टाकून मी उठले आणि थेट उत्तमरावांच्या घराकडं निघाले.

वाटेत वैजनाथ भेटला. “कुठं चालली?”

“विश्वंभरकडं. भांडायला न्हाई, इचारायला.”

“तुझं इचारणं अन् भांडणं एकाच आवाजात आसतं,” तो म्हणाला. ते खरं आहे.

विश्वंभर पडवीत बंदुकीची नळी पुसत बसला होता. मी म्हटलं, “मालक, ती जनावरं सोडा.”

“तुमाला कधीपासून रोह्यांचा पुळका आला, मावशी?”

“पुळका न्हाई. रोही मारू नका म्हणणारी मी न्हवं. मारा, पण माळावर मारा. पळायला जागा ठेवून मारा. थावराभाऊचा बाप आठ-आठ दिस मागं फिरायचा अन् मोकळा परतायचा, त्याला शिकार म्हणायचे. हे काय हाय? खुराड्यात हात घालून कोंबडी काढायची.”

त्याला राग आला नाही. व्यापारी माणूस, समजुतीनं बोलला. “तुमाला एक सांगतो. तिकडं कुंपणं घातली म्हणून ती हरणं शिल्लक राह्यली. ज्याचं कुंपण त्याचं जनावर. मग तो त्याला खाऊ घालतो, जपतो, वाढवतो. मोकळ्या रानात कोण कुणाचं? लोकांनी फासे लावून संपवली असती.”

तिकडचं मला काय ठाऊक? कदाचित असेलही तसं. मी म्हटलं, “तिकडलं तुमी जाणा. हितं तुमी त्यांना जपून न्हाई राह्यले, पावण्यांसाठी राखून राह्यले. अन् तुमच्या कागदात काय लिव्हलंय?”

“पिकात शिरून नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी. ती हाय ना? कुंपणात मी हरभरा पेरला व्हता अर्धा एकर. बुडख्यापर्यंत खाल्ला त्यांनी. फोटो हायेत माझ्याकडं.”

मी म्हटलं, “पिकात जनावर शिरलं आसं कागद म्हणतो. तुमी तर जनावरात पीक शिरवलं.”

आतून उत्तमरावांचा आवाज आला, “मनकर्णा, काम झालंय तुझं. निघ.”

मी निघाले. घरी आल्यावर वैजनाथला सांगितलं की रविवारी पाहुणे यायच्या दिवशी मी ते कुंपण उसवणार. तो संतापला. “उत्तमरावाच्या नजरंतून उतरलो तर ह्या तालुक्यात कुणी आपल्याला खड्डा खांदायला बी बोलवणार न्हाई. त्या जनावरांपायी?”

“जनावरांपायी न्हाई. माझ्या हातापायी.”

“मंग रात्रीची जा अन् फाटक उघडून ये. कोण बघतंय?”

“चोरून काहून? घातलं ते दिवसा घातलं. काढायचं बी दिवसाच.”

तो तोंड फिरवून झोपला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

रविवारी पाहुणे उत्तमरावांच्या घरी पोहे खात होते तेव्हा मी माळावर पोचले. फाटकाच्या डाव्या हाताला सुरुवात केली, कारण जनावरं तिथूनच आत आली होती. आधी कोपऱ्यातून ताणाच्या तारा ढिल्या केल्या. मग जाळी. जाळी म्हणजे विणकामच असतं. कडेची मुडपलेली टोकं सरळ करायची आणि त्यातली एकच तार गोलगोल फिरवत वर ओढून घ्यायची, की जाळी जागच्या जागी दोन होते. एक वीत तार तुटत नाही. मग एकेका अँगलच्या गाठी सोडत मी तीस हात जाळी मोकळी करून जमिनीवर पाडली.

कुणीतरी धावत जाऊन सांगितलंच. दोन गाड्या धुरळा उडवत आल्या, मागून गाव आलं. चार पाहुणे उतरले, नव्या कोऱ्या खाकी कपड्यांत, घडीसुद्धा न मोडलेल्या. विश्वंभर धावतच आला. “तार तोडली? माझी तार तोडली तुमी?”

“तोडली न्हाई, उसवली. सगळी बराबर हाय, मोजून घ्या.”

“धरा हिला,” तो गड्यांना म्हणाला. गडी एकमेकांकडं बघायला लागले. एका पाहुण्यानं मोबाइल वर धरला होता. बाईमाणसाला हात कोण लावणार?

उत्तमराव गाडीतून हळूहळू उतरले. “पोलिसांना बोलावू का, मनकर्णा?”

“बोलवा. सेनगावहून जीप येईल घंटाभरात. त्यांना कागद दाखवा, अन् हरभऱ्याचं पीक बी दाखवा. मी हितंच बसते.”

उत्तमरावांनी पोराकडं बघितलं. पोरगं फोन काढेना. तेव्हा तो कागद पोलिसांपुढं टिकायचा नाही हे उत्तमरावांना समजलं, आणि ते काठीवर भार देऊन नुसते उभे राहिले.

एवढ्यात कळप आला. वाटेवरूनच आला, निळा नर पुढं. मी बाजूला झाले. ते उघड्या जागेपाशी पोचले, जाळी नव्हती, समोर सगळा माळ मोकळा होता, आणि ते पुढं चालत गेले. अँगलच्या रांगेला धरून, हातभर अंतर ठेवून, जणू तार तिथंच आहे. अकराच्या अकरा. एकानंही बाहेर मान वळवली नाही.

पाहुणे हसले. विश्वंभर म्हणाला, “बघा मावशी. त्यांनाच जायचं न्हाई.”

तेव्हा मला रडू आलं. सगळ्या गावासमोर आलं. पाहुण्यांच्या हसण्याचं मला काही नव्हतं. त्या जनावरांच्या मनात मी काय बांधून ठेवलं होतं ते दिसलं, आणि ते पकडीनं सुटणारं नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं, फाटकाच्या उजव्या हाताला गेले आणि पुढची जाळी उसवायला घेतली. थांबून काय करणार होते?

“सरक,” मागून आवाज आला. वैजनाथ होता, खांद्यावर पहार. “नुसती जाळी काढून काय व्हतंय? अँगल उभे हायेत तवर त्यांना कुंपणच दिसतंय. अँगल पाडू.”

त्यानं पहिल्या अँगलच्या बुडाशी पहार घातली. कुठल्या खड्ड्यात किती दगड ठोकलेत ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दोन हिसके दिले की अँगल आडवा. उत्तमराव म्हणाले, “वैजनाथ, बायकोला आवर म्हणायच्या टायमाला तूच?”

“व्हय मालक,” वैजनाथ म्हणाला. पहार थांबली नाही. थावराभाऊ गर्दीतून पुढं आला आणि पाडलेला अँगल ओढून बाजूला नेऊ लागला. बाकी कुणी मदतीला आलं नाही, पण कुणी अडवलंही नाही.

उन्हं चढली. पाहुणे गाडीत जाऊन बसले, परत उतरले. फाटकाच्या दोन्ही अंगांना शे-शंभर हात जागा मोकळी झाली. ना जाळी, ना अँगल, नुसता माळ. कळप पुन्हा फिरून आला. या वेळी नर थांबला. त्यानं एकदा ह्या बाजूला बघितलं, एकदा त्या बाजूला, आणि पाय पुढं टाकायचं धाडस त्याला होईना. मग त्याला ओलांडून एक मादी पाडसासकट बाहेर पडली. तिनं काही विचार केला नसावा, पाडसाला भूक असावी. ती गेल्यावर बाकीचे गेले. नर शेवटी. बाहेर पडल्यावर तो चार पावलं चालला आणि मग असा सुटला की टेकडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

पाहुणे बघत राहिले. थावराभाऊ त्यांच्याजवळ गेला, त्यातल्या बंदूक धरलेल्या पाहुण्यासमोर उभा राहिला.

“चला पावणे. आता हाय शिकार. टेकडीपल्याड उतरली असतीन. वारा तकडून येऊन राह्यला, त्याच्यामुळं वळसा घालावा लागंल. दोन कोस. मी वाट दाखवतो.”

“गाडी नहीं जाती उधर?” पाहुण्यानं विचारलं.

“न्हाई. पायी.”

पाहुण्यानं टेकडीकडं बघितलं, मग आपल्या बुटांकडं बघितलं, मग गाडीतली पाण्याची बाटली उघडून प्यायला. थावराभाऊ बराच वेळ वाट बघत उभा होता. कुणी पाऊल उचललं नाही. शेवटी गाड्यांनी तोंडं फिरवली.

उत्तमराव जाताना माझ्यापाशी थांबले. “ह्यापुढं ह्या तालुक्यात तुझ्या हाताला तार लागणार न्हाई.”

“न लागू द्या,” मी म्हटलं. “पण जी लागली ती कशाला लागली, हे मला कुणी इचारलं तर मान खाली घालावी लागणार न्हाई.”

गाव पांगलं. आम्ही दोघं राहिलो. जाळी त्यांची होती, माळावर लोळत टाकून जाणं बरं दिसलं नसतं. दिवस मावळेपर्यंत आम्ही ती सरळ करून गुंडाळली, प्रत्येक गुंडाळी दोन जागी बांधली आणि अँगलसुद्धा एकावर एक रचून ठेवले. वैजनाथला तहान लागली होती, मलाही. निघताना मी एकदा मागं बघितलं. फाटक तेवढं जागच्या जागी उभं होतं, दोन्ही बाजूंना काही नसताना, कुलूप लावलेलं. चावी विश्वंभरच्या खिशात होती.